‘जोड्या जुळवा’तील कॅप्टन कुक

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या जुळवा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे. डाव्या रकान्यात कोलंबस, वास्को द गामा आणि कॅप्टन कुक; उजव्या रकान्यात अमेरिका, हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया. विद्यार्थ्याने रेघा ओढावयाच्या आणि गुण घ्यावयाचे. वास्को द गामाने हिंदुस्थानचा शोध लावला, हे वाक्य कोकणातल्या मुलालाही पाठ असते. आपण राहतो तो देश १४९८ पूर्वी हरवला होता काय, अशी शंका त्याला येत नाही आणि आलीच तरी तासाला ती विचारण्याची सोय नसते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी बंदरातून एक जाणता वाटाड्या बरोबर मिळाला म्हणून गामाची गलबते कालिकतला पोहोचली, ही हकीकत त्या रेघेत मावत नाही.

याचा काही दोष आपल्या भाषेकडेही जातो. मराठीत ‘शोध’ या एकाच शब्दावर फार कामे सोपविलेली आहेत. हरवलेल्या मुलाचाही शोध घेतला जातो, वाफेच्या इंजिनाचाही शोध लागतो आणि आधीपासून माणसांनी गजबजलेल्या बेटाचाही शोधच लागतो. परंतु दोष केवळ भाषेचा असता तर तो कोशकारांवर सोपविता आला असता. अठराव्या शतकातील सागरी सफरींकडे जरा बारकाईने पाहिले, तर ‘शोध लावला’ या दोन शब्दांखाली किती निरनिराळे व्यवहार गुंडाळले गेले आहेत हे ध्यानात येते. त्यांतील काही व्यवहार निर्विवाद गौरवास्पद होते, काही तसे नव्हते. दोन्ही एकाच माणसाच्या हातून, बहुधा एकाच दिवशी घडत होते.

प्रथम श्रेयाची बाजू पाहावी, कारण ती मोठी आहे. जेम्स कुक हा यॉर्कशायरमधील एका शेतमजुराचा मुलगा, जन्म १७२८ चा. कोळसा वाहणाऱ्या गलबतांवर त्याने उमेदवारी केली. गणित आणि खगोलशास्त्र बव्हंशी स्वत:च्या हिमतीवर शिकला. २६ ऑगस्ट १७६८ रोजी तो प्लिमथहून निघाला ते ‘एंडेव्हर’ जहाजही मूळचे कोळसावाहूच होते. रॉयल सोसायटीने आखलेल्या आणि इंग्लंडच्या राजाने ४,००० पौंड देऊन पाठबळ दिलेल्या या सफरीचा जाहीर हेतू शुद्ध शास्त्रीय होता. ३ जून १७६९ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. ते अधिक्रमण पृथ्वीच्या दूरदूरच्या ठिकाणांहून मोजता आले, तर सूर्याचे अंतर काढता येणार होते. कुकने ताहिती बेटावरून ते पाहिले. शुक्राची कड सूर्याच्या कडेशी नेमकी कोणत्या क्षणी भिडली याविषयी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकांचेच एकमत होईना, हा भाग वेगळा. याच अधिक्रमणासाठी ल जांती नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद आपल्याकडे पाँडिचेरीला येऊन बसला होता. १७६१ चे अधिक्रमण युद्धामुळे त्याला भर समुद्रात, डोलत्या जहाजावरून पाहावे लागले होते. १७६९ च्या अधिक्रमणाच्या वेळी नेमके ढग आले. मायदेशी परतला तेव्हा त्याला मृत समजून वारस मालमत्तेची वाटणी करीत होते! परंतु हा गृहस्थ पाँडिचेरीत केवळ आकाशाकडे पाहत बसला नव्हता. तेथील तमिळ गणितज्ञांकडून ग्रहणाचे गणित त्याने शिकून घेतले आणि ते त्यांचे म्हणून नोंदवूनही ठेवले. असे करणारे त्या काळात फार नव्हते.

त्या काळी लांबचा जलप्रवास म्हणजे शत्रूपेक्षा रोगाशी लढाई होती. अँसन या इंग्रज सेनानीच्या १७४०–४४ च्या सफरीत निघालेल्या सुमारे १,९०० माणसांपैकी बहुतेक दगावली, आणि ती तोफांनी नव्हे. स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सुजत, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने १७४७ मध्ये बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीस वेगळा उपचार दिला आणि संत्री-लिंबे खाणारी जोडी झपाट्याने बरी झाल्याचे पाहिले. एवढा सरळ पुरावा हाती असूनही इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडू दिले. सरकारी टिपणीचा प्रवास तेव्हाही जहाजाच्या प्रवासाहून लांबचा होता, असे म्हणावयास हरकत नाही. कुकने मात्र स्वच्छता, ताज्या भाज्या आणि आंबविलेला कोबी यांवर भर दिला. खलाशी कोबीला तोंड लावीनात, तेव्हा त्याने तो अधिकाऱ्यांच्या मेजावर रोज मांडावयास सांगितले. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागू लागले. तथापि याच कुकने मोड आलेल्या सातूच्या काढ्याची इतकी भलावण केली, की ज्या काढ्यात खरा गुण फारसा नव्हता त्याच्यावर आरमाराचा विश्वास आणखी काही वर्षे टिकून राहिला. थोर माणसाची चूक ही साध्या माणसाच्या चुकीपेक्षा दीर्घायुषी असते.

दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५ या काळात, त्याने जे सिद्ध केले ते बहुधा त्याचे सर्वांत मोठे कार्य होय. दक्षिण गोलार्धात एक विशाल, सुपीक आणि दाट वस्तीचा खंड असलाच पाहिजे, असे युरोपातील भूगोलवेत्ते शतकानुशतके घरबसल्या सांगत होते. कुक १७ जानेवारी १७७३ रोजी दक्षिण ध्रुववृत्त ओलांडणारा ज्ञात इतिहासातील पहिला कप्तान ठरला. पुढच्या वर्षी तो ७१ अंशांपर्यंत गेला आणि बर्फाच्या भिंतीपाशी थांबला. तो खंड नाही, निदान माणसाने वस्ती करावी असा तरी नाही, हे त्याने दाखवून दिले. ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या बाजारात ‘नाही’ हे उत्तर घेऊन परत येण्यास धैर्य लागते. या सफरीत त्याच्यासोबत हॅरिसनच्या घड्याळाची केंडालने बनविलेली प्रतिकृती होती आणि तिच्यामुळे भर समुद्रात रेखांश काढण्याचा जुना प्रश्न व्यवहारात सुटला. पॅसिफिकचा नकाशा कुकपूर्वी कसा होता आणि नंतर कसा झाला हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्याच्या थोरवीविषयी कोणाला व्याख्यान देण्याची गरज पडू नये.

मग अडचण कोठे आहे? अडचण त्या जहाजावरील एका दुसऱ्या माणसापासून सुरू होते. ताहितीचा मुक्काम आटोपून ‘एंडेव्हर’ पुढे निघाले तेव्हा त्यावर तुपाइया नावाचा एक पुरोहित आणि ताइआता हा त्याचा सेवक-शिष्य मुलगा चढला. तुपाइया मूळचा रायातेआ बेटाचा. बोराबोराच्या योद्ध्यांनी ते बेट घेतल्यावर निर्वासित होऊन ताहितीस आलेला. देवविधी, वंशावळी आणि नौकानयन या तिन्हींत तो पारंगत होता. सरकारी खर्चाने त्याला बरोबर घेण्यास कुक नाखूश होता. जहाजावरील धनिक निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने तो भार उचलला. मात्र शेजारचे जमीनदार सिंह-वाघ पाळतात तसे आपणही हे एक नवल बाळगू, अशा अर्थाचे वाक्य त्याने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. ज्याला नवल म्हणून घेतले, त्यानेच पुढे जहाजाची अब्रू राखली. कोणत्याही यंत्रावाचून, जहाज कितीही वळणे घेवो, ताहिती कोणत्या दिशेला आहे हे तो बोटाने दाखवू शके. ऑक्टोबर १७६९ मध्ये न्यूझीलंड लागले, तेव्हा पहिल्याच गाठीभेटींत बंदुका चालल्या आणि माओरी माणसे मारली गेली. तेथून पुढे सहा महिने त्या देशाच्या किनाऱ्याभोवती फिरताना जेथे बोलणे झाले, व्यापार झाला, पाणी आणि भाजी मिळाली, तेथे दुभाषा तुपाइया होता. हजारो मैलांवरील माओरींना त्याची भाषा समजत होती. जहाज कोणाचे, याबद्दल त्या लोकांपैकी अनेकांची समजूत इंग्रजांना सुखावणारी नव्हती. ते त्यांना तुपाइयाचेच जहाज वाटे. पुढच्या सफरीत कुक पुन्हा आला तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो तुपाइया कोठे आहे, हा.

त्याच्या सांगण्यावरून तयार झालेल्या नकाशात सत्तरांहून अधिक बेटे आहेत, आणि ती हजारो मैलांच्या टापूत पसरलेली आहेत. इंग्रजी पद्धतीने वाचू जाता हा नकाशा चुकलेला दिसतो. बेटे भलत्याच ठिकाणी पडलेली वाटतात. म्हणून दोनशे वर्षे विद्वानांनी तो कौतुकाने पाहिला आणि बाजूला ठेवला. अलीकडे २०१८ च्या सुमारास जर्मनीतील दोन अभ्यासकांनी असे मांडले की, हा नकाशा आकाशातून खाली पाहून काढलेलाच नाही. नकाशाच्या मध्यावरील शब्दाचा अर्थ ‘मध्यान्ह’ असून नावाड्याने ज्या बेटावरून निघावयाचे तेथून पुढच्या बेटाची दिशा माध्यान्हीच्या सूर्यावरून मोजलेली आहे. हे म्हणणे सर्वांना मान्य झाले आहे असे नाही. परंतु कागदावर रेघ ओढणाऱ्या परक्यांना आपले ज्ञान त्यांच्या साच्यात बसवून देण्याची धडपड करणारा तुपाइया डोळ्यांपुढे आणला, तर त्या जहाजावर शोध लावणारे कोण आणि दाखविणारे कोण, हे ठरविणे एका रेघेचे काम राहत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. या बेटांतील लोकांचे नौकानयन म्हणजे निव्वळ योगायोग, वाऱ्याने भरकटत ते एका बेटावरून दुसऱ्यावर पोहोचले असावेत, असे गेल्या शतकातही गंभीरपणे प्रतिपादिले गेले. त्याला उत्तर १९७६ साली मिळाले. ‘होकुलेआ’ ही जुन्या धर्तीची जोडनौका माऊ पियाइलुग या सातावाल बेटावरील नावाड्याने होकायंत्रावाचून, तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे हवाईहून ताहितीस नेली. अंतर सुमारे अडीच हजार मैल, वेळ सुमारे एक महिना.  एवढ्या अफाट समुद्रावर एकच जमात पसरली कशी, या प्रश्नाने कुक शेवटपर्यंत अचंबित होता. त्याच्या मागून आलेल्यांपैकी पुष्कळांपाशी हा अचंबा नव्हता.

मग कुकपाशी असे काय होते जे तुपाइयापाशी नव्हते? ज्ञान नव्हे, धैर्यही नव्हे. त्याच्यापाशी दप्तर होते. रोजच्या रोज लिहिलेली नोंदवही, तिच्या प्रती, आरमारी कचेरीतील नकाशाखाना, ताम्रपट कोरणारे कारागीर आणि छापखाना हे सारे मिळून ‘शोध’ तयार होत असे. एकदा खाडी कागदावर आली की तेथे पुन्हा येण्यास कुकची गरज उरत नव्हती. ज्याच्या हाती नकाशा तो येऊ शके. तुपाइयाचे ज्ञान मात्र त्याच्या मस्तकात आणि त्याच्या परंपरेत होते. स्कर्व्हीने जवळपास कोणीही न गमावता ‘एंडेव्हर’ ऑक्टोबर १७७० मध्ये डचांच्या बटेव्हिया बंदरात, म्हणजे आजच्या जाकार्तात, दुरुस्तीला थांबले आणि तेथील हिवतापाने व अतिसाराने घात केला. आधी ताइआता गेला, मागोमाग तुपाइया. मायदेशी पोहोचेपर्यंत जहाजावरील आणखी तीसेक माणसे गेली. तुपाइया हुशार होता, पण गर्विष्ठ व हेकट होता, असा शेरा कुकने मारला आहे. वरिष्ठाने लिहिलेल्या गोपनीय अहवालाची भाषा काही फार बदललेली दिसत नाही.

दप्तराचा विषय निघाला म्हणून आणखी एक नोंद पाहावयास हवी. शुक्राच्या निमित्ताने निघालेल्या कुकच्या खिशात आरमाराचा दुसरा, गुप्त हुकूम होता. दक्षिणेकडे खंड शोधावा आणि तेथील रहिवाशांच्या संमतीने सोयीच्या जागा राजाच्या नावे ताब्यात घ्याव्यात, असे त्यात म्हटले होते. संमतीची अट स्पष्ट होती. एप्रिल १७७० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉटनी उपसागरात होड्या टेकल्या, तेव्हा दोन माणसे भाले घेऊन आडवी आली. तुपाइयाची भाषा येथे चालेना. कुकने बंदूक झाडली आणि माणसे किनाऱ्यावर उतरली. त्यांनी तेथून बरेच भाले उचलून नेले. त्यांतील चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मालकीचे झाले होते. ते एप्रिल २०२४ मध्ये त्या लोकांच्या वंशजांना परत मिळाले. पुढे जूनमध्ये जहाज प्रवाळाच्या खडकावर चढले आणि दुरुस्तीसाठी सात आठवडे उत्तरेकडील एका नदीमुखाशी थांबावे लागले. तेथील गुगु यिमिथिर लोकांकडून ‘कांगारू’ हा शब्द साऱ्या जगाला मिळाला. एके दिवशी जहाजावर आलेल्या त्या लोकांनी तेथे डझनभर समुद्री कासवे पडलेली पाहिली. त्यांच्या पाण्यातली, त्यांच्या नियमाप्रमाणे वाटून खावयाची. त्यांनी एक मागितले. ते नाकारले गेले. तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरच्या तळाभोवतीच्या गवताला आग लावली. बंदूक झाडली गेली, एक जण जखमी झाला. मग टोक नसलेला भाला हाती घेऊन एक वृद्ध पुढे आला आणि समेट झाला. ज्या देशात मालकी, वाटणी, दंड आणि तह यांचे नियम आहेत तो देश बेवारस नसतो, हे ओळखण्यास याहून अधिक पुरावा कोणत्या तलाठ्याला लागला असता?

परंतु २२ ऑगस्ट १७७० रोजी एका लहानशा बेटावर निशाण उभारून कुकने साऱ्या पूर्व किनाऱ्यावर इंग्लंडच्या राजाचा ताबा जाहीर केला. संमती घेतली नव्हती. कोणाला विचारलेही नव्हते. आपल्या खेड्यातील कोणाही शेतकऱ्याला हा व्यवहार समजावून सांगण्यास वेळ लागणार नाही. कब्जेदाराला नोटीस न देता परस्पर फेरफार झाला आणि सात-बारावर भलत्याचे नाव चढले. ‘शोध लावला’ या वाक्याचा कायद्याच्या भाषेतील अर्थ एवढाच आहे. आणि तो केवळ जुन्या काळाचा अर्थ नव्हे. ही भूमी कायद्याच्या दृष्टीने कोणाचीच नव्हती, या गृहीतकावर पुढे दोनशे वर्षे ऑस्ट्रेलियातील जमिनीचा कारभार चालला. टोरेस सामुद्रधुनीतील मरे बेटावरच्या एडी माबो याने त्याविरुद्ध दावा लावला. १९९२ च्या जानेवारीत तो वारला, आणि त्याच वर्षी ३ जून रोजी तेथील सर्वोच्च न्यायासनाने ते गृहीतक फेटाळले. कुकने ताहितीवरून शुक्र पाहिला ती तारीखही ३ जूनच होती. हा योगायोग होय, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण तारखा पाठ करणाऱ्यांना या दोन तारखा एकत्र लक्षात ठेवणे सोपे जाईल.

काही जण यावरून कुकचे पुतळे पाडावेत या निष्कर्षास येतात. तो आळशी निष्कर्ष आहे. पुतळा पाडल्याने ‘जोड्या जुळवा’ प्रश्नाची फक्त डावी बाजू रिकामी होते. उजवी तशीच राहते. कुकला गुन्हेगार म्हणून शिकविणे हे त्याला देवदूत म्हणून शिकविण्याइतकेच सोपे आणि तितकेच निरुपयोगी आहे. १४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाई बेटावर, चोरीस गेलेल्या एका होडीच्या वादातून तेथल्या प्रमुखाला ओलीस धरावयास गेलेला कुक मारला गेला. एवढा अनुभवी माणूस त्या दिवशी असा का वागला, यावर चांगल्या वर्गात एक अख्खा तास खर्च व्हावा. शिक्षकांच्या हातात अभ्यासक्रम नसतो हे खरे, पण क्रियापद असते. ‘शोध लावला’ याऐवजी ‘नकाशा केला’, ‘पोहोचला’, ‘वाटाड्याच्या मदतीने गेला’, ‘ताबा जाहीर केला’ असे जेथे जे घडले ते लिहिले, तर उत्तर चार शब्दांनी लांबेल आणि तपासनिसाला थोडा त्रास होईल इतकेच. शिवाय ‘कुकने ऑस्ट्रेलियाचा शोध लावला’ हे विधान युरोपीय अर्थानेही चूक आहे. डच जहाजे त्या किनाऱ्यावर १६०६ पासून येत होती.

या सफरींचे धागे आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतात. कुकच्या तिसऱ्या सफरीत उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळालेली पाणमांजराची कातडी चीनमध्ये सोन्याच्या भावाने विकली गेली, ही बातमी छापून येताच मुंबईच्या इंग्रज व्यापाऱ्यांचे डोळे विस्फारले. डिसेंबर १७८५ मध्ये ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्सपेरिमेंट’ ही दोन जहाजे मुंबईहून थेट नूटका खाडीकडे रवाना झाली. अपेक्षित नफा झाला नाही. जॉन मॅकाय नावाचा वैद्याचा मदतनीस मात्र तेथील लोकांत ठेवून दिला गेला आणि वर्षभर हाल सोसून कसाबसा सुटला. शास्त्राच्या मागे व्यापार किती वेगाने धावतो, याचा हिशेब यावरून मांडता येतो: कुकच्या सफरीचा वृत्तान्त १७८४ साली छापला गेला आणि दुसऱ्याच वर्षी जहाजांना कुकचे नाव देऊन व्यापारी निघाले.

दुसरा धागा ला पेरूझ याचा. फ्रान्सने कुकच्या तोडीची म्हणून धाडलेली त्याची दोन जहाजे १७८८ मध्ये बॉटनी उपसागरातून निघाली ती परत आली नाहीत. शोधासाठी निघालेल्यांचाच शोध सुरू झाला. सरकारी तुकड्या रिकाम्या हातांनी परतल्या. अडतीस वर्षांनी, १८२६ मध्ये, पीटर डिलन हा व्यापारी कप्तान तिकोपिया बेटाजवळून जात असता तेरा वर्षांपूर्वी तेथे उतरलेल्या एका हिंदी खलाशाने त्याच्या जहाजावरील माणसाला तलवारीच्या मुठीची जुनी चांदीची गाज विकली. जवळच्या वानिकोरो बेटावर अशा वस्तू पुष्कळ आहेत, तेथे फार पूर्वी दोन मोठी जहाजे फुटली, असे त्याच्याकडून समजले; तो स्वत: त्या बेटावर जाऊन आला होता. डिलन कलकत्त्यास आला, कंपनी सरकारकडून त्याने जहाज मिळविले आणि १८२७ मध्ये ला पेरूझच्या जहाजांचे अवशेष शोधून काढले. फ्रान्सच्या राजाने त्याला मानचिन्ह आणि निवृत्तिवेतन दिले. तो खलाशी तिकोपियावर संसार मांडून होता आणि तेथून निघावयास तयार झाला नाही. डिलनच्या वृत्तान्तात त्याचे नाव ‘जो’ असे येते.